फीत दुसऱ्याने कापायची असते तेव्हा: माजी पंतप्रधानांच्या कार्यालयातलं एक प्रकरण

एका माजी पंतप्रधानांचा खासगी सचिव म्हणून मी काही वर्षं काम केलं. पुढे जे लिहिलंय ते त्या काळातल्या साधारण दोन आठवड्यांबद्दल आहे. देश, पूल आणि माणसं यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, कारण यातली दोन्ही मुख्य माणसं अजून सार्वजनिक जीवनात आहेत आणि एकमेकांशी बोलतात. ते बोलणं या लेखामुळे थांबावं असं मला वाटत नाही.

पद सोडलेल्या नेत्याने नव्या नेत्याच्या समारंभात कसं वागावं हा विषय निघाला की बोलणं लगेच स्वभावावर जातं. अमुक मोठ्या मनाचा, तमुक कोत्या मनाचा. मी आतून जे पाहिलं त्यात स्वभावाचा वाटा होताच, पण एका न आलेल्या फोनचा, खुर्चीच्या जागेचा आणि आदल्या संध्याकाळी टाकलेल्या एका फोटोचा वाटाही तेवढाच होता. तो फोटो मी मंजूर केला होता.

पार्श्वभूमी

साहेब (कार्यालयात आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो) 7 वर्षं पंतप्रधान होते. स्थानिक निवडणुकांत पक्षाने मार खाल्ला, पक्षातल्या पक्षात कुजबुज वाढली आणि त्यांनी मुदतीआधीच राजीनामा दिला. त्यांच्या जागी त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या सार्वजनिक बांधकाम मंत्री आल्या. त्यांना साहेबांनीच राजकारणात वर आणलं होतं, आणि म्हणूनच साहेबांच्या जवळच्या मंडळींच्या मनात अढी जास्त होती. 'हिनेच केलं' असं आमच्या कार्यालयात उघड बोललं जायचं. साहेबांच्या तोंडून मी ते वाक्य एकदाही ऐकलं नाही, पण त्यांनी ते बोलणाऱ्यांना थांबवल्याचंही आठवत नाही.

पूल नदीच्या मुखाजवळचा होता. तोवर लोक फेरीबोटीने ये-जा करायचे. पावसाळ्यात बोट बंद झाली की पलीकडचा रुग्ण पलीकडेच राहायचा. साहेबांनी पंतप्रधान झाल्याच्या पहिल्याच वर्षी पूल मंजूर केला, अर्थमंत्र्यांशी भांडून पैसे काढले, पायाभरणी केली, आणि त्यांच्या नावाची कोनशिला काठावर बसली. पुढे एका खांबाचा पाया खचला, तो नव्याने घ्यावा लागला आणि काम रखडलं. भूसंपादन अडलं ते वेगळंच. ते सोडवलं बांधकाम मंत्री असताना या बाईंनी. काठावरच्या मच्छीमार कुटुंबांना पर्यायी धक्का मिळेपर्यंत त्या स्वतः दर महिन्याला तिथे जात होत्या.

म्हणजे श्रेयावर दोघांचाही खरा हक्क होता. एकाने केलं आणि दुसऱ्याने पळवलं इतकी गोष्ट सोपी असती तर हे प्रकरण लिहिण्याजोगं नव्हतं.

पेच

उद्घाटनाच्या 9 दिवस आधी राजशिष्टाचार विभागाकडून छापील पत्रिका आली. सोबत एक ठरीव मजकुराचं पत्र, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. पत्रिकेवर पंतप्रधानांचं नाव, अध्यक्षस्थानी असणाऱ्याचं नाव, प्रमुख पाहुण्यांची नावं. साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. आसनव्यवस्थेच्या कागदावर 'निमंत्रित, विभाग ब' असं होतं. पंतप्रधानांचा फोन नाही, त्यांच्या सचिवाचाही नाही.

त्याच दुपारी त्या पुलावर काम केलेल्या एका निवृत्त अभियंत्याचा फोन आला. जोडरस्त्याची आखणी बदलल्यावर कोनशिला काढली गेली होती आणि सध्या ती कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

कार्यालयाचं वातावरण क्षणात तापलं. राजकीय सल्लागार म्हणाले, जायचंच नाही, आणि का जात नाही हे लोकांना कळू द्यायचं. माध्यमं सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं होतं की 5 मिनिटांचं भाषण मागू, नाही म्हणाले तर तीच बातमी. साहेबांच्या पत्नी चहाचा ट्रे ठेवता ठेवता एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला पूल बघायचाय की नाही, ते आधी ठरवा."

साहेब दोन दिवस काहीच बोलले नाहीत.

समोर असलेले पर्याय

त्यांनी मला एक टिपण करायला सांगितलं: अशा वेळी इतरांनी काय केलं आणि त्याचं पुढे काय झालं. निर्णयावर त्या टिपणाचा परिणाम झाला, म्हणून त्यातला गाभा इथे देतो.

पहिला पर्याय न जाण्याचा. 1801 मध्ये अमेरिकेचे मावळते राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या, थॉमस जेफरसनच्या शपथविधीच्या दिवशी पहाटे 4 च्या सुमाराला घोडागाडीने राजधानी सोडून निघून गेले. त्यांनी सत्ता शांतपणे सोडली होती, निकाल मान्य केला होता. तरी लोकांच्या लक्षात राहिली ती पहाटेची घोडागाडी. अर्जेंटिनात 2015 मध्ये सत्तांतराची काठी आणि पट्टा कुठे द्यायचा, संसदेत की राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात, यावरून मावळत्या राष्ट्राध्यक्ष क्रिस्टिना किर्शनर आणि निवडून आलेले मॉरिसिओ माक्री यांच्यात वाद झाला. किर्शनर आल्याच नाहीत. मधल्या काही तासांसाठी हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिनेट सदस्याने ती चिन्हं माक्रींना दिली. भांडण जागेवरून सुरू झालं आणि खुर्ची रिकामी राहिली. आमचाही वाद 'विभाग ब'वरून सुरू झाला होता, म्हणून हे उदाहरण मी मुद्दाम वर ठेवलं.

दुसरा पर्याय, जायचं आणि भाषणाचा आग्रह धरायचा. याला माझा पहिल्यापासून विरोध होता. आग्रहाने मिळवलेल्या भाषणात माणूस मोकळा बोलू शकत नाही. प्रत्येक वाक्यात ऐकणारे टोमणा शोधतात.

तिसरा पर्याय आमच्यापैकी बऱ्याच जणांना फार आवडला होता. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांनी एकट्याने पुलावर जायचं, कामगारांना भेटायचं, समारंभ नाही, भाषण नाही, फक्त चार फोटो. वरवर पाहता याइतकं साधं काही नाही. पण यातून पूल उघडण्याआधीच एकदा उघडला गेला असता. पंतप्रधानांच्या समारंभाचं शिळं जेवण झालं असतं. साहेबांनी हे टिपणात वाचलं आणि समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहिला: 'नको'.

चौथा पर्याय, जायचं आणि गप्प बसायचं. त्यासाठी मी जॉर्ज वॉशिंग्टनचं उदाहरण दिलं होतं, पण त्याच्या दोन्ही बाजूंसकट. 4 मार्च 1797 ला फिलाडेल्फियात ॲडम्सचा शपथविधी झाला तेव्हा वॉशिंग्टन हजर होते. समारंभ संपल्यावर बाहेर पडताना त्यांनी नव्या राष्ट्राध्यक्षांना आणि उपराष्ट्राध्यक्षांना आधी जाऊ दिलं आणि स्वतः मागून निघाले. हे कौतुकाने सांगितलं जातं. पण ॲडम्सनी दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहिलेल्या पत्रात सभागृहातल्या लोकांचे डोळे पाणावल्याचा उल्लेख आहे, आणि वॉशिंग्टनना आपल्यावर मात केल्यासारखा आनंद होत असावा असं आपल्याला वाटल्याचंही. म्हणजे माजी नेता काहीही न करता नुसता बसला तरी त्याची सावली पडतेच. ती आखूड कशी करायची, हा खरा प्रश्न होता.

भारतातल्या राष्ट्रपतींच्या शपथविधीची पद्धत मला यात नेहमीच शहाणपणाची वाटत आली आहे. मावळते राष्ट्रपती तिथे उपस्थित असतात, शपथ झाली की दोघं खुर्च्यांची अदलाबदल करतात, आणि पुढे नवे राष्ट्रपती जुन्यांना त्यांच्या नव्या निवासस्थानापर्यंत सोबत करतात. कुणी कुठे बसायचं, कधी उठायचं, हे त्या दोन माणसांच्या मनःस्थितीवर सोडलेलं नाही. पुलाच्या उद्घाटनाला असा शिरस्ता नसतो. तिथे सगळं फोनवर ठरवावं लागतं, आणि आमच्याकडे फोनच आला नव्हता.

निर्णयाचा पहिला क्षण: फोन कुणी करायचा

माझा सल्ला चुकीचा होता. मी म्हटलं, राजशिष्टाचार विभागाला पत्र लिहून आसनव्यवस्थेबद्दल विचारू. त्या पत्राची प्रत फुटली असती आणि 'माजी पंतप्रधान खुर्चीवरून नाराज' असा मथळा झाला असता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी स्वतःच फोन लावला. मी समोर बसलो होतो, मला फक्त इकडची बाजू ऐकू येत होती. इतकी वर्षं ते त्यांना नावाने हाक मारायचे, 'तू' म्हणायचे. त्या दिवशी पहिलाच शब्द होता 'पंतप्रधान', आणि पुढचं सगळं बोलणं 'तुम्ही'ने. ते म्हणाले, "मी तिथे असणं तुम्हाला सोयीचं आहे का, एवढंच विचारायला फोन केलाय. नसेल तर स्पष्ट सांगा. मी प्रकृतीचं कारण देईन आणि हे आपल्या दोघांतच राहील."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग साहेब ऐकत राहिले, आणि एकदा हलकेच हसले.

नंतर पंतप्रधानांच्या सचिवाकडून कळलं ते असं. फोन करायचं त्यांच्याही मनात होतं, पण साहेबांना तो जखमेवर मीठ चोळल्यासारखा वाटेल या भीतीने त्यांनी पत्रिका 'नेहमीच्या मार्गाने' पाठवायला सांगितली होती. त्यांनी पहिल्या रांगेतली जागा देऊ केली. साहेबांनी दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची मागून घेतली. आणखी काही गोष्टी त्याच बोलण्यात ठरल्या. साहेब भाषण करणार नाहीत. पंतप्रधानांच्या आधी 20 मिनिटं, बाजूच्या दाराने येतील. पंतप्रधान गेल्यानंतर निघतील. भाषणात त्यांचा उल्लेख करायचा की नाही हे सर्वस्वी पंतप्रधानांनी ठरवायचं, आणि ते आधी कळवायची गरज नाही.

या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय कोणता असं विचारलं तर मी हा फोन सांगेन, आणि त्यातही 'नसेल तर स्पष्ट सांगा' हे वाक्य. त्या वाक्याने नकाराचा अधिकार त्यांच्या हातात दिला होता.

कोनशिलेचं काय करायचं

सल्लागारांनी कोनशिलेचा विषय पुन्हा काढला. हरवलेल्या कोनशिलेचा फोटो एखाद्या वार्ताहराला मिळाला तर आपण काही न बोलताही काम होईल, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी ते तिथल्या तिथे थांबवलं.

माझ्या टिपणात अमेरिकेतल्या हूवर धरणाचा एक परिच्छेद होता, तो त्यांनी मोठ्याने वाचून दाखवला. हर्बर्ट हूवर राष्ट्राध्यक्ष असताना 1930 मध्ये धरणाला त्यांचं नाव दिलं गेलं. 1933 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आल्यावर त्यांच्या इंटिरियर खात्याच्या (जमीन-पाण्याचा कारभार पाहणाऱ्या) मंत्र्याने ते काढून 'बोल्डर डॅम' हे नाव आणलं, आणि 30 सप्टेंबर 1935 ला रूझवेल्टनी धरण देशाला अर्पण केलं ते त्याच नावाने. हूवर यांचं नाव परत आलं 1947 मध्ये, काँग्रेसच्या ठरावाने, आणि त्यावर सही केली हॅरी ट्रुमन यांनी, म्हणजे विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाने. त्याआधी याच ट्रुमननी हूवरना पुन्हा सरकारी कामाला बोलावलं होतं. युद्धानंतरच्या अन्नटंचाईची पाहणी करायला ते 1946 मध्ये जगभर फिरले होते.

वाचून झाल्यावर साहेब म्हणाले, "दगड कुठे पळून जात नाही." विषय संपला.

आदल्या संध्याकाळी

इथे माझी चूक आली, आणि ती नीट सांगायला हवी.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी 7 च्या सुमाराला माध्यम सहकाऱ्याने एक जुना फोटो दाखवला. पायाभरणीच्या दिवशीचा, साहेबांच्या डोक्यावर हेल्मेट, हातात फावडं, बुटांना चिखल. खाली ओळ होती, 'एक आठवण. उद्या स्वप्न पूर्ण होतंय.' मी पाहिलं, मला छान वाटलं. पंतप्रधानांवर एक शब्द नव्हता, टीका नव्हती. मी 'टाका' म्हणालो. साहेबांना विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

9 वाजेपर्यंत बातम्यांत 'पूल कुणाचा?' सुरू झालं. 'स्वप्न पूर्ण होतंय' यातलं स्वप्न कुणाचं, हा प्रश्न आमच्याच ओळीने विचारला होता. पंतप्रधानांच्या प्रवक्त्याने उत्तरादाखल त्यांचा मच्छीमारांसोबतचा फोटो टाकला. दोन्ही बाजूंचे समर्थक एकमेकांवर तुटून पडले.

मग मी दुसरी चूक केली. साडेदहाला पोस्ट काढून टाकली. तोपर्यंत तिचे स्क्रीनशॉट सगळीकडे गेले होते, आणि आता बातमी झाली 'दबावानंतर पोस्ट हटवली'. खरं तर कुणाचाच दबाव नव्हता. मी घाबरलो होतो.

त्या घडीला तीन मार्ग होते: पोस्ट तशीच ठेवायची, काढायची, किंवा तिच्याखाली नव्या पंतप्रधानांना शुभेच्छा देणारी एक ओळ जोडायची. आज मला तिसरा मार्ग बरोबर वाटतो. तो मला सुचलाही होता, पण रात्री साहेबांना उठवायला नको म्हणून मी एकट्याने ठरवलं.

सकाळी 6 वाजता त्यांना सांगितलं. ते चिडले नाहीत, पण चेहरा उतरला. म्हणाले, "त्यांच्या सचिवाला फोन करा आणि तुम्ही केलंत असं सांगा. माझं नाव पुढे करू नका, आणि त्या पोराचंही नाही." मी फोन केला. पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडूनही उत्तर द्यायला नको होतं."

प्रत्यक्ष समारंभ

वारा जोरात होता. मंडपाच्या कनाती फडफडत होत्या, खुर्च्यांवर चिकटवलेले नावांचे कागद उडत होते. साहेब ठरल्याप्रमाणे बाजूच्या दाराने आले. डाव्या अंगाला फेरीबोटीवर काम केलेल्या लोकांसाठी जागा राखून ठेवली होती. त्यांनी साहेबांना ओळखलं, आणि सगळे उभे राहून त्यांच्या नावाच्या घोषणा देऊ लागले.

हे होणार याचा अंदाज आम्हाला होता. 20 मिनिटं आधी येण्याचं कारणच ते होतं: घोषणा व्हायच्याच असतील तर पंतप्रधान येण्याआधी होऊन संपाव्यात. पण हात हलवला तर घोषणा वाढतात, आणि दुर्लक्ष केलं तर ज्या लोकांसाठी पूल बांधला त्यांचाच अपमान होतो. साहेबांनी त्या दिशेला वळून एकदा हात जोडले, मान लववली आणि लगेच खाली बसले. शेजारच्या माणसाशी बोलायला लागले. घोषणा दोनेक मिनिटांत विरल्या. पंतप्रधानांचा ताफा आला तेव्हा मंडपात सर्वांत आधी उभं राहून टाळ्या वाजवणारा माणूस दुसऱ्या रांगेच्या कडेला होता. त्यांचं बघून फेरीबोटीवरची मंडळीही उठली. मी मागे उभा होतो, मला ते स्पष्ट दिसलं.

पंतप्रधानांनी भाषणात साहेबांबद्दल सविस्तर सांगितलं, अर्थमंत्र्यांशी झालेल्या भांडणासकट. मग जे ठरलं नव्हतं ते केलं. फीत कापायला निघताना थांबल्या, दुसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

हा त्या दिवसातला सगळ्यात अवघड क्षण. उठायचं की नाही? फीत नाही, हे आम्ही गृहीत धरलं होतं. बोलावतील अशी शक्यताच धरली नव्हती, त्यामुळे तयारीही शून्य. साहेब क्षणभर थांबले, मग उठले. पुलाच्या तोंडाशी जाऊन पंतप्रधानांच्या अर्धं पाऊल मागे उभे राहिले. वाऱ्याने फीत सारखी वर उडत होती, कात्री लागत नव्हती. त्यांनी वाकून फितीचं एक टोक धरून ताणलं. पंतप्रधानांनी ती कापली.

परिणाम

दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी तोच फोटो होता: एक जण फीत धरतोय, दुसरी कापतेय. लोकांना आवडला. आदल्या रात्रीचा गदारोळ त्या एका फोटोने पुसला गेला.

आमच्याकडे सगळे खूश होते. मी नव्हतो, आणि अजूनही नाही. पंतप्रधान झाल्यावरचा त्यांचा हा पहिला मोठा दिवस, आणि त्या दिवसाचा फोटो साहेबांशिवाय नाही. त्यांच्या पक्षातल्या काहींना ते खटकलं, आणि त्यांचं खटकणं रास्त होतं. साहेबांशी मी यावर बोललो. ते म्हणाले, हजारो लोकांसमोर पुढे आलेला हात नाकारला असता तर त्याची बातमी यापेक्षा मोठी झाली असती. हेही खरं आहे. पण जागेवरूनच हात जोडून 'तुम्हीच' अशी खूण करणं शक्य होतं, आणि मला वाटतं तेच जास्त बरोबर ठरलं असतं. यावर आमचं एकमत झालं नाही.

निघताना वार्ताहरांनी गाठलंच. पुलावरच्या टोलला साहेबांचा पूर्वीपासून विरोध होता, नव्या सरकारने टोल लावला होता. प्रश्न आला. साहेब म्हणाले, "आज पूल बघायला आलोय," आणि गाडीत बसले.

काहींनी याला पळवाट म्हटलं. मला ते पटत नाही. जॉर्ज बुश धाकटे पद सोडल्यावर 2009 मध्ये कॅलगरीतल्या भाषणात म्हणाले होते की ओबामांवर टीका करणार नाही, माझं मौन हा त्यांचा हक्क आहे. आयुष्यभराचं मौन मला आवश्यक वाटत नाही. नेल्सन मंडेला पद सोडल्यानंतर एचआयव्हीबद्दल आपल्या उत्तराधिकाऱ्याच्या सरकारपेक्षा वेगळं बोलले, आणि ते बोलणं गरजेचं होतं. तिथे माणसं मरत होती. उलट टोक मलेशियात दिसलं. महाथीर मोहम्मद यांनी 2003 मध्ये स्वतः निवडलेल्या अब्दुल्ला बदावींकडे पद दिलं. सिंगापूरच्या दिशेने बांधायचा पूल बदावी सरकारने 2006 मध्ये रद्द केला तेव्हा ते जाहीरपणे तुटून पडले, आणि 2008 मध्ये तर पक्षही सोडला. पुलावरून मतभेद असणं चूक नाही. टीका एकेका धोरणावर आहे की खुर्चीवर बसलेल्या माणसावर, हे लोकांना कळेनासं होतं तिथे अडचण सुरू होते.

साहेबांनी पुढच्या आठवड्यात पंतप्रधानांना टोलवर हाताने लिहिलेलं तीन पानी पत्र पाठवलं. दोन्ही काठांवरच्या रहिवाशांना टोल माफ करावा, ही मागणी. उत्तर यायला महिना लागला. माफी मिळाली नाही, सवलत मिळाली. त्यानंतर साहेबांनी एका लेखात सवलत अपुरी असल्याचं उघडपणे मांडलं, आणि तो लेख छापायच्या आदल्या दिवशी पंतप्रधानांकडे पाठवला.

पुन्हा करायचं झालं तर

पत्रिका आल्याच्या दिवशीच फोन. तीन दिवस आम्ही जे रागावत बसलो त्यात निष्पन्न काहीच झालं नाही, उलट राग मुरला आणि मला वाटतं त्याच मुरलेल्या रागातून तो फोटो मला 'छान' वाटला.

समारंभाच्या आधीचे 48 तास कार्यालयाच्या कुठल्याही खात्यावरून काहीही जायला नको. जुने फोटोही नकोत. विशेषतः जुने फोटो.

आणि फोनवर आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता: तुम्ही मला व्यासपीठावर बोलावणार आहात का? हा प्रश्न विचारणं फार संकोचाचं आहे, स्वतःलाच मान मागितल्यासारखं वाटतं. तरी विचारायला हवा. यात नव्या नेत्याचीही जबाबदारी आहे. आधी न सांगता दिलेला मान समोरच्याला कोंडीत पकडतो, हेतू कितीही चांगला असला तरी. 20 जानेवारी 1953 ला अमेरिकेचे नवे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर शपथविधीला जाताना मावळत्या ट्रुमनना घ्यायला आले, पण कॉफीसाठी व्हाइट हाउसच्या आत गेले नाहीत, बाहेर गाडीतच बसून राहिले. शपथविधीला आपल्या मुलाला कोरियाच्या आघाडीवरून कुणी बोलावून घेतलं, हे आयझेनहॉवरना ठाऊक नव्हतं. ते ट्रुमननीच केलं होतं, आणि त्यांना न सांगता केलं होतं. तीन दिवसांनी आयझेनहॉवरनी आभाराचं पत्र लिहिलं. हेतू चांगला होता, पण त्या मोटारीत दोघांमधला ताण कमी झाला नाही.

कोनशिला पुढे ठेकेदाराच्या यार्डात सापडली. निवृत्त अभियंत्याने स्वतःच्या नावाने खात्याला पत्र लिहिलं होतं, आमचा त्याच्याशी संबंध नव्हता. एक कोपरा तुटला होता. ती आता पादचारी मार्गाच्या सुरुवातीला, नव्या फलकाच्या खाली आहे.

वर्षभराने पुलाच्या पलीकडच्या रुग्णालयाचं उद्घाटन होतं. त्याची मंजुरीही साहेबांच्याच काळातली. या वेळी पत्रिकेच्या आधी फोन आला. साहेबांनी तोच प्रश्न विचारला, मी असणं सोयीचं आहे का. पंतप्रधानांनी थोडं थांबून सांगितलं की या वेळी नसलात तर बरं होईल. साहेब म्हणाले, "सांगितलंत हे फार बरं केलंत." प्रकृतीचं कारण द्यावं लागलं नाही. दोन ओळींचं शुभेच्छापत्र मी टाइप करून आणलं, त्यात 'स्वप्न' हा शब्द होता. साहेबांनी तो खोडला आणि सही केली.